दहावीच्या मुलाला झोप कमी पडली तर मेंदूवर आणि लक्षावर खरंच परिणाम होतो का? (रात्री साडेबाराला झोपतो, पाचला उठवतो, अभ्यासात लक्ष नाही)

होतो की. साडेचार तास झोपू देताय आणि वर लक्ष नाही म्हणून बोलणी पोरालाच, हे वाचून मला गेल्या वर्षीचं आमचंच घर आठवलं.

आमचे अण्णा जुने तालमीतले. त्यांचं एकच पालुपद, "आम्ही चारला उठून जोर मारायचो." पोरगं दहावीत गेल्यावर रोज पावणेपाचला त्याचं पांघरूण ओढायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं, आणि क्लास, जेवण, अभ्यास करून झोपायला त्याला बारा व्हायचेच. एकदा झोप उडावी म्हणून पहाटे कोल्हापुरातल्या गंगावेशला धारोष्ण दूध प्यायला घेऊन गेले तर हा पठ्ठ्या कट्ट्यावर बसल्या बसल्या ग्लास हातात धरून झोपला, निम्मं दूध चपलेवर. अण्णांनी हसत सगळ्या गल्लीला सांगितलं, मला काय हसू आलं नाही. प्रिलिमला बीजगणितात रीत सगळी बरोबर, पण उण्याचं अधिक करून तीन गणितं घालवली. अहो झोप अपुरी असली की मेंदू जागेपणीच दोन-चार सेकंदांची डुलकी काढतो, डोळे उघडे आणि आत दुकान बंद.

या वयात 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, तास-दोन तास उशिरा सुटायला लागतं, म्हणून नऊला झोप म्हटलं तरी येत नाही, तो आळस नव्हे. आणि वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेतच, ती कापून पाठांतर म्हणजे वरनं ओतायचं खालनं गळायचं. कॅलिफोर्नियात 2022 पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही. आपल्याकडं 2024 ला शासनानं नऊची वेळ केली ती चौथीपर्यंतच्यांना, ज्यांचं झोपेचं घड्याळ सरकलंय ती पोरं राहिली तशीच.

आता अण्णांचं. चारला उठायचे हे खरंय, पण तालमीत आठला दिवा बंद, आणि दुपारी खुराक झाल्यावर परत दोन तास आडवे. करा बेरीज, दहा होतात! हे तोंडावर मांडलं तर म्हणाले, "दुपारची ती झोप नव्हं, इश्रांती." ह्यावर काय बोलणार.

तुम्ही पाचला उठवायचं बंद करा, लागला तर एक क्लास काढा, संध्याकाळनंतर चहा नको. रविवारी मात्र बारापर्यंत लोळू देऊ नका, घड्याळ आणखी सरकतं.

हां, आमचा बारापर्यंत सगळा वेळ अभ्यासच करत होता असं नाही, पांघरुणात रील्स चालायच्या हे मला नंतर कळलं, तेव्हा मोबाईल रात्री तुमच्याकडं ठेवा. आणि पोरगा जोरात घोरत असेल किंवा भरपूर झोपूनही पेंगत असेल तर ते वेगळं, डॉक्टरला दाखवा.

आमचा मग साडेदहा ते साडेसहा झोपायला लागला. बोर्डात मार्क किती पडले ते विचारू नका, त्यावर अण्णांचं आणि माझं अजून चालूच आहे.