हातात न घेता गिटार मागवायची का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, आम्ही ऐरोलीला राहतो. तिला गिटार शिकायचीय, परीक्षा झाली की घेऊ असं कबूल केलंय. बजेट दहा हजारांपर्यंत. ती म्हणते ऑनलाइन मागवू, तिथे सेल चालू आहे आणि सोबत बॅग, बेल्ट, पिक, तारांचा सेट असं सगळं मिळतंय. तिचे बाबा म्हणतात वाद्य हातात घेऊन, वाजवून बघूनच घ्यायचं असतं, नाहीतर पैसे पाण्यात. पण घरात कोणालाच गिटार येत नाही, मग दुकानात जाऊन तरी आम्ही काय वाजवून बघणार? आणि ऑनलाइन घेतली तर चांगली-वाईट ओळखायची कशी?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, दुकानात जाऊन आम्ही काय वाजवून बघणार हे जे तुम्ही लिहिलंय ना, तेच खरं आहे आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. मी ठाण्यात गिटार शिकवते, नवीन मुलं गिटार घेऊन आली की विचारते कशी निवडलीत, तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं, दुकानातल्या दादांनी वाजवून दाखवली, छान वाजली, घेतली. आता ते दादा दिवसभर तेच करतात, त्यांच्या हातात कुठलीही गिटार छानच वाजणार. म्हणजे तुम्ही ऐकता तो त्यांचा हात, गिटार नाही. ज्याला अनेक वर्षं वाजवायची सवय आहे आणि पन्नास हजारांची गिटार घ्यायचीय त्याने जरूर वाजवूनच घ्यावी, त्याचा कान आणि बोटं दोन्ही तयार असतात. तुमच्या मुलीला अजून एक कॉर्डही (तीन-चार सूर एकत्र वाजतील अशी बोटांची जुळणी) धरता येत नाही, तिच्यासाठी हा मुद्दा आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाहीये.

तिच्यासाठी खरा प्रश्न आवाजाचा नाहीच, तारा दाबल्या जातायत का हा आहे. माझ्याकडची जी मुलं दोन महिन्यांत गिटार सोडतात ती बहुतेक वेळा बोटं दुखतात म्हणून सोडतात. थोडं सगळ्यांनाच दुखतं, काही आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात, पण तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे ज्या पट्टीवर त्या बोटांनी दाबतात तिच्यापासून, खूप वर असतील, आम्ही त्याला अ‍ॅक्शन हाय आहे म्हणतो, तर एफसारखा अवघड कॉर्ड सोडाच, साधा सी कॉर्ड धरताना मूल रडकुंडीला येतं आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष त्या पोराचा नसतो. आणि अ‍ॅक्शन नुसत्या मॉडेलवर ठरत नाही, त्या एका पीसवर ठरते. एकाच फॅक्टरीतल्या एकाच मॉडेलच्या दोन गिटारी वेगळ्या निघू शकतात, शेवटी लाकूड आहे ते. म्हणून यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून आवाज ठरवण्यात वेळ घालवू नका, मोबाईलच्या स्पीकरवर फरक कळत नाही आणि त्या व्हिडिओतली गिटार काही तुमच्या घरी येणार नाहीये.

तर ऑनलाइन घ्या, माझं मत स्पष्ट आहे, फक्त परत करायची जी मुदत मिळते ना तीच तुमची वाजवून बघायची वेळ आहे असं धरून चाला. ऑर्डर करायच्या आधी ती पॉलिसी नीट वाचा. काही ठिकाणी नुसतं रिप्लेसमेंट मिळतं, पैसे परत मिळत नाहीत, काही ठिकाणी गिटारचा बॉक्स फाडला की घेतच नाहीत. जिथे पैसे परत मिळतात तिथूनच घ्या, मग सेलपेक्षा पाचशे रुपये जास्त गेले तरी चालेल. पार्सल आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, वरच्या लेबलपासून गिटार बाहेर येईपर्यंत मध्ये न थांबवता, कारण पुढे वाद झाला तर तोच कामाला येतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे खराब माल किंवा जाहिरातीत लिहिल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, तरी टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

एक गोष्ट मात्र ऑनलाइन अजिबात कळत नाही, ती म्हणजे साइझ. फोटोत सगळ्या गिटारी सारख्याच दिसतात. सगळ्यात जास्त विकली जाते ती ४१ इंची ड्रेडनॉट, ही मोठी बॉडी मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये पहिल्यांदा बनवली आणि नाव दिलं ब्रिटिशांच्या एका युद्धनौकेचं, यावरून अंदाज घ्या. नववीतल्या मुलीची चण लहान असेल तर तिचा उजवा हात त्या बॉडीवरून पलीकडे जाताना खांदा वर उचलला जातो, अर्ध्या तासात मान भरून येते, आणि मग ती म्हणते आज क्लास नको. लहान बॉडीला कॉन्सर्ट साइझ म्हणतात, यामाहाच्या मॉडेलच्या नावात एफएस असेल तर ती लहान बॉडी. म्हणून बाबांचं अर्धं म्हणणं ऐका, एखाद्या रविवारी तिघंही जा, ठाणे किंवा वाशीतल्या जवळच्या दुकानात नाहीतर सरळ धोबीतलावला, सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं, जेर महालात १८६५ पासूनचं फुर्ताडोज आहे. तिला खुर्चीत बसवून एक मोठी आणि एक लहान गिटार मांडीवर घ्यायला सांगा, वाजवायची काही गरज नाही. तिच्या खांद्याकडे बघा, तुम्हाला लगेच कळेल. आणि तिथेच बजेटमध्ये बसणारी मिळाली, दुकानदार तुमच्यासमोर अ‍ॅक्शन खाली करून द्यायला तयार असला, तर ऑनलाइनचा हट्ट सोडून तिथेच घ्या.

पैशांचं म्हणाल तर दहाच्या दहा हजार गिटारमध्ये घालू नका, आठ-साडेआठची घ्या आणि बाकीचे सेटअपसाठी, म्हणजे जाणकाराकडून तारांची उंची नीट करून घ्यायला, ठेवा. बॅग-बेल्ट-पिकच्या कॉम्बोवर भुलू नका, त्यातली बॅग बहुतेक वेळा पातळ कापडाची असते आणि तारा कसल्या ते लिहिलेलंच नसतं. अगदी स्वस्त ३८ इंची गिटारी टाळा, बऱ्याच वेळा त्यांच्या नेकमध्ये, म्हणजे फ्रेटबोर्ड असतो त्या लांब दांड्यात, ट्रस रॉड नसतो. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, स्टीलच्या सहा तारा मिळून नेकला साधारण ७० किलोच्या जोराने ओढत असतात, नेक वाकली तर सरळ करायला तीच सळई लागते, ती नसेल तर इलाजच नाही. लिस्टिंगमध्ये 'स्प्रूस टॉप' आणि 'सॉलिड स्प्रूस टॉप' यातला फरक बघा, टॉप म्हणजे गिटारची पुढची फळी आणि स्प्रूस हे लाकडाचं नाव, सॉलिड लिहिलेलं नसेल तर समजायचं की ते प्लायसारखं थर चिकटवलेलं लाकूड आहे. पण त्याने नाराज होऊ नका. सॉलिडचा आवाज जास्त मोकळा असतो हे खरं, तरी आपल्याकडच्या दमट हवेत पहिल्या गिटारला थरांचं लाकूड बरंच, ते कमी फुगतं. यामाहाची एफ ३१० तशीच आहे आणि कितीतरी मुलं तिच्यावर शिकली आहेत.

आता गिटार घरी आल्यावर. आपल्या भागातली बरीच पार्सलं भिवंडीच्या गोदामांतून येतात, अंतर काही नाही, पण तुम्ही घेणार एप्रिल-मेमध्ये, उन्हात बॉक्स कुठे किती दिवस पडून होता हे आपल्याला कळत नसतं आणि जास्त उष्णतेने गिटारचा ग्लू सुटतो. म्हणून पहिल्यांदा ब्रिज बघा, बॉडीवर जिथे तारा अडकवलेल्या असतात तो लाकडाचा तुकडा. त्याच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा, आत जात असेल तर ब्रिज उचलला गेलाय, लगेच परत करा, विचारही करू नका. मग अ‍ॅप लावून गिटार ट्यून करा, ट्यूनर अ‍ॅप फुकट मिळतं. ट्यून न करता काहीच तपासू नका, तारा ढिल्या असताना सगळंच बरं वाटतं.

नंतर मुलीच्या कंपासमधली स्टीलची पट्टी घ्या. फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बाराव्या फ्रेटवर, बहुतेक गिटारींना तिथे दोन ठिपके असतात, फ्रेटच्या डोक्यापासून सगळ्यात जाड्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, तीनपर्यंत असेल तर सेटअपमध्ये खाली येईल, चार असेल तर परत करा. बारीक तारेला दोनच्या आसपास हवं. पट्टीची सुरुवात शून्यापासून आहे ना ते बघून घ्या, काही पट्ट्यांना पुढे थोडी जागा सोडलेली असते आणि मग माप चुकतं.

दुसरी जागा आहे नट, म्हणजे डोक्याकडची ती पांढरी पट्टी जिच्या खाचांतून तारा जातात. तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे नटकडून तिसऱ्या घरात, तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार किती वर आहे ते बघा, केसभर फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर खाचा खोल केलेल्या नाहीत, आणि सुरुवातीचे सगळे कॉर्ड याच भागात असतात त्यामुळे खरा त्रास इथूनच होतो. स्वस्त गिटारींमध्ये हे फार दिसतं. हे परत करण्याचं कारण नाही, खाच कानशीने घासून नीट होते, पण जाणकाराकडूनच, कारण एकदा जास्त घासली की नट बदलावा लागतो.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा, याला शिकलेलं असायची गरज नाही, तुम्ही दोघी मिळून करू शकता. कुठे झर्रर्र असा आवाज आला किंवा सूर लागलाच नाही तर ती जागा लिहून ठेवा, एखाददुसरी चालेल. शेवटी ट्यूनर अ‍ॅपवर तार आधी मोकळी वाजवा आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून, दोन्ही वेळा अक्षर तेच आलं पाहिजे आणि काटा साधारण मध्येच राहिला पाहिजे. खूप लांब जात असेल तर ती गिटार वरच्या फ्रेट्सवर कायम बेसूरच वाजणार, ती ठेवू नका.

हे सगळं पार पडलं की क्लासच्या सरांना किंवा मॅडमना विचारून सेटअप करून घ्या, नटच्या खाचा, ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून अ‍ॅक्शन खाली, ट्रस रॉडला लागेल तेवढा पीळ. ट्रस रॉड घरी फिरवू नका, बॉक्समध्ये चावी आली असली तरी. आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की परत एकदा पट्टीने मोजा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, ऐरोलीला खाडीकाठी पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते, लाकूड फुगतं, टॉप वर येतो आणि तारा उचलल्या जातात. भिंतीला टेकवून ठेवू नका, त्या दिवसांत ओल येते, बॅगेत सिलिका जेलची पाकिटं टाकून कपाटात ठेवा.

प्रश्न : मी खारघरला राहतो, अकरावीत आहे. सेलमध्ये ऑनलाइन गिटार मागवली, आली तेव्हा कळलं की ही नायलॉनच्या तारांची क्लासिकल आहे, फोटोत लक्षातच आलं नाही. मला हिंदी-मराठी गाणी स्ट्रमिंग करून वाजवायची आहेत. स्टीलच्या तारा आणून लावल्या तर चालेल का?
– एक विद्यार्थी, खारघर

उत्तर : नाही, अजिबात लावू नकोस. नायलॉनच्या तारांचा ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलचा ७० च्या आसपास, आणि क्लासिकलचा टॉप आतून तेवढ्यासाठी बांधलेलाच नसतो. सुरुवातीचे काही दिवस छान वाजेल, मग ब्रिजच्या मागे टॉप फुगायला लागेल आणि एक दिवस ब्रिज उखडून हातात येईल. असल्या गिटारी मी क्लासमध्ये बघितल्यात, त्या दुरुस्त करण्याचा खर्च नवीन घेण्याइतका होतो.

मुदत संपली नसेल तर आजच परत कर. पुढच्या वेळी फोटोत डोकं बघ, क्लासिकलच्या डोक्यात दोन लांब खाचा असतात आणि चाव्या मागच्या बाजूला वळलेल्या असतात, ब्रिजवर तारांच्या गाठी दिसतात, स्टीलच्या गिटारला तिथे सहा गोल खुंट्या असतात. मापंही बघ, क्लासिकलची नट ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलवालीची साधारण ४३.

मुदत गेली असेल तर विकायची घाई करू नकोस. नायलॉन बोटांना मऊ असतं, कॉर्ड तेच, स्ट्रमिंगही होतं, आवाज थोडा गोलसर येतो एवढंच. नेक रुंद असल्यामुळे जी आणि सी धरताना सुरुवातीला बोटं ताणली जातील. पिकच्या ऐवजी अंगठ्याने आणि नखांनी वाजव, कडक पिक मारलास तर तारा लवकर खराब होतात आणि टॉपला ओरखडे पडतात, क्लासिकलला तिथे सहसा पिकगार्ड नसतो.