प्रश्न पंगतीचा होता

प्रश्न : येशूचे पहिले शिष्य तर सगळे ज्यू होते. मग इतरांना दार उघडले कोणी? आमच्या वाचक मंडळात सगळे पौलाचेच नाव घेतात. ते बरोबर आहे का? — एक वाचक, मिरज

उत्तर : पौलाने ते दार पुढे सताड उघडले, हे खरेच. पण कडी काढणारे वेगळे होते. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या लूकने लिहिलेल्या पुस्तकाचा दहावा अध्याय काढा. यापो गावात समुद्राकाठी, कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी येशूचा शिष्य पेत्र उतरला आहे. भर दुपारी, पोटात भूक असताना, त्याला गच्चीवर दृष्टान्त होतो. आकाशातून एक मोठी चादर खाली येते आणि तिच्यात नाना तऱ्हेचे, ज्यूंना खायला निषिद्ध असलेलेही, पशुपक्षी असतात. ‘मार आणि खा’ अशी वाणी होते. संडे स्कूलमध्ये मी हा भाग घेतो तेव्हा मुले हमखास विचारतात, त्यात मगर होती का? सरपटणारे प्राणी होते, एवढेच लिहिले आहे, असे सांगून मी सुटका करून घेतो.

मला मात्र त्यापुढची ओळ आवडते. कैसरियाच्या कर्नेल्य या रोमी शताधिपतीची (शंभर शिपायांवरच्या, ज्यू नसलेल्या अधिकाऱ्याची) माणसे, दोन चाकर आणि एक शिपाई, दाराशी येतात, आणि पेत्र त्यांना आत घेऊन रात्री ठेवून घेतो. तेही दुसऱ्याच्या घरात! कर्नेल्याचा उंबरा तो ओलांडणार आहे त्यानंतर, पण खरा निर्णय इथेच झाला, असे मला वाटते.

तो यरुशलेमला परतल्यावर आपल्याच लोकांनी त्याला धारेवर धरले. कर्नेल्याच्या घरी बाप्तिस्मा का दिलास, हा त्यांचा पहिला सवाल नव्हता. सुंता न झालेल्यांच्या, म्हणजे ज्यू नसलेल्यांच्या, घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास, ही तक्रार होती. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून रानडे-टिळकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना इथला ताण वेगळा समजावून सांगायला नको.

इकडे सीरियातल्या अंत्युखिया शहरात कुप्र (सायप्रस) आणि उत्तर आफ्रिकेतल्या कुरेने इथून आलेल्या काही जणांनी परस्पर ग्रीकांनाच सुवार्ता सांगायला सुरुवात केली होती. लूकने त्यांची नावेही दिलेली नाहीत. ज्यू नसलेल्यांनी सुंता करून घ्यावी का, हा वाद वाढला तेव्हा इ.स. 49च्या सुमारास यरुशलेमात बैठक भरली. सुंतेची सक्ती नको, असे ठरले. परराष्ट्रीयांना, म्हणजे ज्यू नसलेल्यांना, चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या : मूर्तीचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार. चारातल्या तीन खाण्याच्याच!

तुमच्या पौलाची खरी जागा अंत्युखियातल्या त्या प्रसंगात आहे. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आली आणि भीतीपोटी तो मागे सरला. पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमोर, तोंडावर सुनावले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो हे स्वतःच सांगतो. पेत्राने काय उत्तर दिले, ते मात्र त्याने लिहिलेले नाही.

तेव्हा मंडळात आधी कृत्यांचा दहावा-अकरावा अध्याय वाचा आणि लगेच गलतीकरांस पत्राचा दुसरा. ज्या पेत्राने यापोत परक्यांना मुक्कामाला ठेवले तोच अंत्युखियात ताटावरून उठला, यावर चर्चा चांगली रंगेल.