फ्रेस्कोमध्ये (ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रात) चेहऱ्याच्या रंगाखाली हिरवा थर खरंच लागतो का? त्वचेसाठी कोणते रंग वापरावेत?

लागतो. 'हिरव्याने चेहरा आजारी दिसतो' असं तुमच्या सरांनी सांगितलं म्हणता, ते अर्धवट रंगवलेल्या चेहऱ्यापुरतंच खरं आहे.

हे वाक्य मला पाठ आहे. कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला व्हरांड्याच्या भिंतीवर मी दोन बाय दोन फुटांचा नमुना करत होतो. सकाळी गिलावा घातला. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीने १४००च्या सुमारास लिहून ठेवलंय तसा पिवडी, काळा, चुन्याचा पांढरा आणि थोडा गेरू मिसळून वर्दाच्चो, म्हणजे रेखाटनाचा हिरवट करडा रंग, केला, नाक-डोळे बांधले. मग पाण्यासारखी पातळ हिरवी माती फक्त सावल्यांत दिली: हनुवटीखाली, ओठाखाली, डोळ्यांच्या कडांना. गुलाबी यायचा होता. तेवढ्यात सर आले. "अरे, माणूस आहे की प्रेत?" म्हणत थापी घेतली आणि चेहरा खरवडला. गिलाव्याचा नवा हात मारून हिंगूळ (भडक तांबडा) आणि शिशाचा सफेदा घेतला आणि स्वतः गाल रंगवून दाखवले. त्या दिवशी ते गाल सुंदर दिसले, हेही कबूल करतो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाल काळवंडले. मी काही बोललो नाही, माझी हिंमत झाली नाही. हिंगूळ भिंतीवर काळा पडतो आणि शिशाचा सफेदाही, हे दोन्ही चेन्नीनीने स्पष्ट लिहिलंय. पुढे इटलीत असीसीला सान फ्रान्चेस्कोच्या वरच्या चर्चमध्ये तेराव्या शतकातल्या चिमाबुए या चित्रकाराची भित्तिचित्रं पाहिली. तिथे शिशाचा पांढरा काळा होऊन उजेडाच्या जागी अंधार आलाय, फोटोच्या निगेटिव्हसारखा. त्या भिंतीसमोर मला आमचा व्हरांडा आठवला.

तेव्हा पांढरा फक्त चुन्याचा. विझवलेल्या चुन्याची पूड आठ दिवस पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं, मग वड्या करून उन्हात वाळवायच्या. उजळ गेरूचे दोन भाग आणि या पांढऱ्याचा एक, हा चिनाब्रेझे नावाचा गुलाबी. त्यात पांढरा वाढवत त्वचेच्या तीन छटा आधीच वाट्यांत करून ठेवा. ओल्या गिलाव्यावर मिसळत बसायला वेळ मिळत नाही आणि वाळल्यावर सगळं फिकं होतं. छटा बारीक रेघांनी द्या, सावलीच्या कडेला हिरवा थोडा उघडा सोडा. गुलाबीतून तो डोकावला की कातडीतला तो करडा आपोआप येतो, वाटीत कालवून येत नाही. गालाची लाली नाकाकडे नको, कानाकडे न्या. चेन्नीनीचे गुरू तसंच करत, त्याने चेहऱ्याला उठाव येतो.

एक सांगायचं राहिलं. पूर्ण चेहऱ्याखाली हिरवा ही लाकडी फळीवरच्या चित्रांची सवय. भिंतीवर तो सावल्यांपुरताच. सावळ्या रंगाला तर आणखी कमी, तिथे जळका सिएना (तांबूस तपकिरी मातीचा रंग) जास्त काम करतो. आणि टायटॅनियम व्हाइट विचारलंत, तर तो काळा पडत नाही, पण हाताशी चुना असताना मी तो घेत नाही.

ती भिंत पाडली तेव्हा गवंड्याला सांगून मी गालाचा तुकडा काढून आणला. कानाखाली सरांची थापी पोचली नव्हती तिथे बोटभर हिरवं राहिलंय. गाल काळा आहे, ते हिरवं अजून पहिल्या दिवसासारखं आहे.