जवसाची रोपं कोलमडतायत? आधी हे बघा

पहिल्याच वर्षी ओळीत खंड पडले म्हणून खचू नका. पिवळं पडलेलं एक रोप खुरप्याने मातीसकट अलगद काढा आणि मूळ धुऊन बघा. जमिनीलगत तांबूस-तपकिरी चट्टा दिसला, तर बहुधा रायझोक्टोनिया, म्हणजे मातीतली रोपं मारणारी बुरशी. मूळ मऊ, पाणीदार होऊन सडलं असेल आणि तिथे पाणी साचत असेल, तर पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूचा संशय घ्या.

आता मुख्य गोष्ट बियाण्याची. जवसाचं टरफल नाजूक असतं, मळणीत त्याला बारीक तडे जातात आणि बुरशी तिथूनच आत शिरते. मूठभर बी उजेडात नीट निरखा. तडकलेलं बी पेरू नका, आणि बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक लावणं, अजिबात चुकवू नका.

नवखे हमखास चुकतात त्या जागा:

- खोल पेरणी. अडीच ते चार सेंटिमीटर पुरे. खोलातून वर येताना रोप दमतं.
- जवसावर पुन्हा जवस. निदान तीन वर्षं जाऊ द्या, मधे तृणधान्य घ्या.
- रोपं मरू लागली की पाणी वाढवणं. याने रोग आणखी बळावतो.

बुरशीच्या पोटजाती, प्रयोगशाळेतली तपासणी हे सगळं सध्या राहू द्या. उद्या सकाळी ते रोप काढून मूळ कसं दिसतं तेवढं कळवा.