पहिलं ग्राउंड स्टेशन उभारताना
रॉकेट परवडत नाही म्हणून हळहळू नका, सॅटनॉग्जमध्ये, म्हणजे हौशी लोकांनी उभारलेल्या, उपग्रहांचे सिग्नल टिपणाऱ्या ग्राउंड स्टेशनांच्या खुल्या जाळ्यात या. एखाद्या कॉलेजच्या पोरांनी सोडलेल्या क्यूबसॅटचा (छोट्या ठोकळ्याएवढ्या उपग्रहाचा) सिग्नल तुमच्या गच्चीवरून टिपला, तर तो त्यांच्या खरंच कामी येतो. त्यांच्या डोक्यावरून उपग्रह जातो तो एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं.

सुरुवातीलाच उपग्रहामागे फिरणारा अँटेना घेऊ नका, कळकळीनं सांगतो. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, आरटीएल-एसडीआर हा यूएसबीला लागणारा स्वस्त रेडिओ रिसीव्हर आणि स्थिर टर्नस्टाइल (आडव्या दांड्यांची फुली असलेला) अँटेना पुरे. पैसे घालायचेच तर सिग्नल वाढवणाऱ्या, पण स्वतःचा गोंगाट कमी घालणाऱ्या चांगल्या लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरवर घाला, आणि तो अँटेनापाशीच लावा. ४३५ मेगाहर्ट्झचा क्षीण सिग्नल लांब केबलमध्येच विरतो. खाली आणून वाढवला तर गोंगाटही तितकाच वाढतो. पावसाळ्याआधी जोडांना वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. उपग्रहाच्या वेगामुळे सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकते (डॉप्लर परिणाम), ते सॉफ्टवेअर बघून घेतं.