गोळीची सवय लागेल का हो मॅडम?

मी बोलून उपचार करणारी, आणि मनाच्या गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पर्समधून प्रिस्क्रिप्शन बाहेर निघालं की पुढचं वाक्य मला आधीच कळतं. आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडची पोरं असोत नाहीतर अंबड एमआयडीसीत शिफ्ट करणारे, प्रश्न तोच. म्हणून सिडकोतल्या एका ताईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताईंना द्वारका चौकात रिक्षात असताना एकदम धडधड, हातपाय गार, आता मरतेच असं झालं. ईसीजी नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी दोन गोळ्या दिल्या, चिंता हळूहळू कमी करणारी रोजची एस्सिटालोप्राम आणि घाबरणं लगेच शांत करणारी, थोड्या आठवड्यांपुरती अल्प्राझोलाम. शेजारीण म्हणाली सवय लागते, झालं, ताईंनी दोन्ही बंद केल्या. मग घाबरायला झालं की अल्प्राझोलाम, कधी आठ-दहा दिवस सलग, बरं वाटलं की एकदम बंद, असं वर्षभर, आणि गोळी ओळखीच्या मेडिकलमधून जुन्याच चिठ्ठीवर.

मी विचारलं, "गोळी घ्यायची कधी ठरवता?"

"अगदीच भीती वाटली की."

"आणि बंद कधी करता?"

"सवय लागेल अशी भीती वाटली की."

"मग यात डॉक्टर कुठे आले?"

ताई गप्प. मग हसायलाच लागल्या, म्हणाल्या, "म्हणजे माझी डॉक्टर भीतीच झाली की हो!" खरं सांगू, असं वाक्य मी दिलं तर पेशंट दारातच विसरतो, त्याचं त्याला सापडलं की राहतं. मी पहिल्यापासून हेच मानत आलेय की माणूस घटनेने कमी आणि घटनेबद्दल स्वतःला जे सांगतो त्याने जास्त घाबरतो. गोळी एकदम बंद केल्यावर झोप उडायची, हात थरथरायचे, आणि ताई त्याचा अर्थ लावायच्या "बघा, मी व्यसनी झाले".

सवय लागते का, तर अल्प्राझोलामची लागू शकते, म्हणूनच ती थोड्या काळासाठी देतात. 2014 पासून ती शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते, उगाच नाही. पण बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम तोडणं हे त्याहून वाईट, फिट येऊ शकते, त्यामुळे डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. एस्सिटालोप्रामचं वेगळं, तिची तशी तलफ लागत नाही पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक नेमके आठव्या दिवशी सोडतात. तीही मनानं बंद करायची नाही.

अल्प्राझोलामवर दारू अजिबात नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आपण नाशिककर वाईनला दारूत धरत नाही, इथे धरा! कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा दुखण्याची कडक गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. गुंगी असताना टू व्हीलर नको, घरातल्या म्हाताऱ्यांना तर तोल जाऊन पडायचीच भीती.

मी गोळी लिहून देत नाही, तो माझा अधिकार नाही. मी ताईंना पुन्हा त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, वर्षभराचं सगळं खरं सांगायला लावलं, मेडिकलवाल्याचं पण. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी उतरता डोस कागदावर लिहून दिला, तो फ्रिजवर चिकटला. तोपर्यंत आमचं काम चालू, धडधड सुरू झाली की पळायचं नाही, ती चढते तशी उतरते हे बघायचं. आधी घरात, मग रिक्षात, शेवटी द्वारका.

मागच्या महिन्यात नणंदेने त्यांच्याकडे अर्धी गोळी मागितली, झोप येत नाही म्हणून. ताईंनी गोळी दिली नाही, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर दिला, फुकट आहे, रात्रीपण लागतो.