समुद्र खवळलेला असेल तर स्कूबा प्रशिक्षणासाठी आडोशाची जागा कशी शोधावी?

तुमचं पूलमधलं शिक्षण आटोपलंय, प्रमाणपत्रासाठी लागणारे समुद्रातले चार डाइव्ह मात्र लाटांमुळे सलग दोनदा रद्द झाले, म्हणून तुम्ही विचारलंय की कायम शांत असणारी जागा कशी हुडकायची. मी नवशिक्यांना शिकवतो, त्यामुळे खराब हवेच्या दिवसांत माझंही निम्मं काम हेच असतं. समुद्रात कायम शांत अशी जागा मिळत नाही. आज वारा कुठून सुटलाय आणि लाट कुठून येतेय, यावर आडोसा ठरतो. काल तळ्यासारखी निवांत असलेली खाडी आज वारा फिरला की उघडी पडते. माझ्या वहीतली यादी म्हणूनच दिशांप्रमाणे लावलेली आहे: पश्चिमेची लाट असेल तर या दोन जागा, नैर्ऋत्येची असेल तर ती एक, आणि दक्षिणेचा वारा असेल तर घरी बसा.

तशी यादी तुम्हीही करू शकता. नकाशा उघडा आणि समुद्रात घुसलेली टोकं, बेटं, लाटा अडवायला बांधलेल्या भिंती शोधा. त्यांच्या पाठीमागचं पाणी बघा. वाऱ्याला पाण्यावरून धावायला जितकं मोकळं अंतर मिळतं, तितक्या लाटा मोठ्या होतात, त्यामुळे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असला की किनाऱ्यालगतचं पाणी सपाट दिसतं. पण तोच वारा दमलेल्या माणसाला हळूहळू किनाऱ्यापासून लांब नेतो. नवशिक्यांना घेऊन अशा पाण्यात उतरायचं तर वर कोणीतरी बोट घेऊन हवं.

आता लाटेची उंची. हवामानाच्या ॲपमध्ये सगळे तेवढीच बघतात. मी आधी दोन लाटांमधले सेकंद बघतो. ५ सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण ३९ मीटर लांब असते, १२ सेकंदांची सव्वादोनशे मीटर. पाण्याची हालचाल लाटेच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. म्हणजे पहिली २० मीटरच्या आसपास विरते, तर दुसरी नवशिक्याच्या १८ मीटरच्या मर्यादेच्या कितीतरी खालपर्यंत हलत राहते. शिवाय लांब लाट उथळ तळ लागला की वळते आणि टोकाला वळसा घालून तुमच्या आडोशात शिरते.

हे मी चांगलं पोळून शिकलो. एका टोकामागचा छोटा किनारा, पाणी आरशासारखं. पाच मिनिटं बघितलं आणि चौघांना घेऊन निघालो. गुडघाभर पाण्यात पायांत फिन्स (पोहायचे लांब पंख) चढवत असतानाच दुरून आलेल्या तीन मोठ्या लाटा लागोपाठ आदळल्या. एकीचा मास्क गेला, एकाच्या नडगीला खडक लागला. मोठ्या लाटा अशा गटाने येतात आणि दोन गटांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही. तेव्हापासून मी अंगात सूट चढवण्याआधी किमान वीस मिनिटं नुसता उभा राहून बघतो. आत कुठून जायचं यापेक्षा बाहेर कुठून यायचं, हे आधी ठरवतो.

जागा फार खोल लागत नाही, हेही लक्षात असू द्या. पहिल्या दोन डाइव्हना सहा-आठ मीटर पुरतात, त्यामुळे तुमचे पर्याय वाढतात. समुद्राला अरुंद तोंडाने जोडलेल्या खाजणात लाट शिरत नाही. तिथे लक्ष ठेवायचं ते भरती-ओहोटीवर. फ्लोरिडातल्या ब्लू हेरॉन ब्रिजखाली लोक पूर्ण भरतीच्या आगेमागेच उतरतात, कारण तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं आणि प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो. अशा जागी भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती निवडा, उधाणाची नको. नदीचं मुख जवळ असेल तर मोठ्या पावसानंतर काही दिवस तो विचार सोडा. गढूळपणा एक, आणि वाहून आलेली घाण दुसरी.

बंदराच्या भिंतीआड मन ओढ घेतं, पण परवानगीशिवाय आणि बोटींच्या वाटेत कधीही नाही. परवानगी मिळाली तरी खाली माणसं आहेत हे बोटींना सांगणारा डाइव्हचा झेंडा वर हवाच.

माझं मत विचाराल तर हवा आठवडाभर बिघडलेली असेल तेव्हा समुद्राचा नाद सोडून पाण्याने भरलेली जुनी दगडखाण किंवा तलाव गाठावा. कोर्सच्या नावातलं 'ओपन वॉटर' म्हणजे समुद्रच असा गैरसमज आहे. तलाव, खाणीही त्यात येतात. इंग्लंडमधली स्टोनी कोव्ह ही ग्रॅनाइटची जुनी खाण आहे आणि तिथे वर्षभर शिकवणं चालतं. तिथे लाट नसते, बाकी त्रास असतात. वरचं पाणी कोमट आणि काही मीटर खाली एकदम हाडं गोठवणारं, म्हणून सूट जाड घ्या. पाणी १० अंशांच्या खाली असेल तर साधा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) गोठून हवा सोडत सुटू शकतो, थंड पाण्यासाठी बनवलेलाच लागतो. तळाला मऊ गाळ, एक फिन चुकीची मारली की सगळ्यांना अंधार. गुडघे न टेकता, तरंगत सराव करायचा किंवा पाण्यात टांगलेल्या फळीवर. कडे सरळसोट असतील तर तळ तुमच्या मर्यादेच्या फार खाली असू शकतो, तिथे प्रशिक्षकाने दोरी बांधलेली असावी. गोड्या पाण्यात खाली जायला अंगावर बांधायची शिशाची वजनंही कमी लागतात: सगळं सामान धरून तुमचं वजन १०० किलो असेल तर साधारण अडीच किलो कमी. समुद्राची वजनं घेऊन उतरलात तर दगडासारखे खाली जाल. जागा समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंच असेल तर डाइव्हचं गणितही वेगळं करावं लागतं.

ब्रसेल्सचा नेमो ३३, पोलंडचा डीपस्पॉट असे ३४ मीटर आणि ४५ मीटर खोल पूलही आहेत. सरावाला उत्तम, पण प्रमाणपत्राच्या डाइव्हमध्ये ते धरले जातील का, हे जाण्याआधी प्रशिक्षकाला विचारा.

आणि घाई कशाला? पॅडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा कोर्स असेल तर पूलमधल्या शिक्षणाची रेफरल नोंद १२ महिने चालते, आणि उरलेले डाइव्ह दुसऱ्या ठिकाणच्या प्रशिक्षकाकडे पूर्ण करता येतात. फार दिवस गेले असतील तर त्याआधी एक तास पूलमध्ये मास्क काढणं-घालणं परत करून घ्या.